उलटा शिवलेला श

शकूची आई कुणाच्या उंबऱ्यात बसली की काम झाल्याशिवाय उठायची नाही. भांडण नाही, रडणं नाही, नुसतं बसायचं. माझ्या बायकोच्या या बसण्याला अख्खं केळवं टरकून असे.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमची शकू बोलायला चुणचुणीत, पण काल ओळखलेलं अक्षर तिला आज परकं वाटायचं. गुरुजी म्हणाले, "पोर ढ आहे. शाळा सोडवा, घरकाम शिकवा."

ही शाळेच्या उंबऱ्यातूनच म्हणाली, "घरकाम मी शिकवलंय गुरजी, ते तिला येतं. तुमी शिकवलं तेवढंच येत नाय."

गुरुजी लाजले. परीक्षेपर्यंत ठेवतो म्हणाले.

ही पालघरच्या बाजारात नारळ विकायची. तिथं कळलं, एक म्हाताऱ्या बाई अशा पोरांना शिकवत असत. ही त्यांच्या दारात. बाई म्हणाल्या, "मी सोडलं आता शिकवणं."

"मग बसते. धराल तेवा उठते."

बाईंनी शेवटी तोड सांगितली: डोळ्यांना अक्षर सापडत नसेल, तर बोटांना सापडू दे. गोणपाटाच्या तुकड्यांवर कोळशानं अक्षरं काढून दिली. त्यावर सुंभ शिवायचं आणि पोरीनं बोट फिरवायचं.

घरी येऊन हिनं दाभण घेतला. पहिला तुकडा शकूच्या नावाचा, श. कोळसा मागच्या बाजूलाही उमटलेला. हिला अक्षरओळख नाही, हिनं मागूनच शिवला. मी बघून छान म्हटलं. माझी शाळा तेवढीच.

शकूनं बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग खदखदा हसली. "आये, उलटा शिवलास! माझा श असा नाय!"

ही दाभण टाकून रडायला लागली. लग्नापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "उसव आणि नीट शिव."

"हात लावाल तर बघा. पोरीनं आपलं आपण वळखलंय."

शकू शाळेत राहिली. वाचायला सावकाश, पण वाचते. पुढं बेटेगाव, कोळगावहून आया आपली पोरं घेऊन यायच्या. ही सगळ्यांना शिवून द्यायची, आणि उलटा श आधी दाखवायची.

यंदा पावसाआधी ती गेली. घर खायला उठतं, दुसरं काय सांगू?

परवा एक बाई लेकीला घेऊन आली. "शकूची आई हाय का?"

"गेली ती," मी म्हटलं.

बाई लेकीला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली.

 मी खुंटीवरचा उलटा श काढून पोरीच्या हातात दिला आणि शकूला हाक मारली.