बोटीतून आलेलं कुंड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आणि मी तर अशी, की पोटात काही राहत नाही म्हणून मैत्रिणी चेष्टा करतात. हे मात्र राहिलं. चार वर्षं राहिलं.

सुरुवात गमतीची आहे, ऐका. मुलीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिच्या गावातल्या चर्चमध्ये एक दगडी कुंड पाहिलं — तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात ते. आठशे वर्षांचं! शेजारी त्याचा इतिहास लिहून ठेवलेला. वाचताना अंगावर काटा आला हो. लोक म्हणे त्यातलं पाणी चेटकासाठी चोरून न्यायचे, म्हणून झाकणाला कुलूप. मग कुठल्याशा लढाईत शिपायांनी ते उखडून फेकलं, एका शेतकऱ्यानं उचलून नेलं, आणि पुढं दोनशे वर्षं त्यात गाई पाणी प्यायल्या. गाई! शेवटी एका पाद्र्यानं ते ओळखून परत आणलं. काठावर कुलपाच्या खिट्टीची भोकं अजून आहेत. मी त्यांत बोट घालून पाहिलं. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण त्याला हात लावला तो तिथंच.

इथं पाचगणीत दर रविवारी दुपारी मी पर्यटकांना आमचं जुनं चर्च दाखवते. मी ख्रिस्ती नाही, पण बोलायची हौस भारी, म्हणून तिथल्या मंडळींनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. ह्या चर्चमध्येही एक कुंड आहे — अगदी तसंच, आठकोनी. परत आल्यावर पहिल्याच रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "हे इंग्लंडहून बोटीनं आलंय. आठशे वर्षांचं आहे." मग काय! कुलूप, शिपाई, गाई — सगळं ह्या कुंडाला चिकटवलं. लोक स्ट्रॉबेरी खायचे थांबले. एकानं विचारलं, इतकं काळं कसं? म्हटलं, पाचगणीच्या धुक्यानं. खरं सांगू? मजा आली. अजूनही सांगताना येते. ह्यात कुणाचं काय जात होतं?

वर्षभरात ते चर्चच्या माहितीपत्रकात छापून आलं, मोबाइलवर फिरलं. आणि एका रविवारी मारुतीआण्णा आले. वडूजकडचे, सत्तरीतले, घराणं पाथरवटांचं. घोळक्याच्या मागे उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि मग पुढे आले.

"आवं बाई, ह्ये माज्या आज्यानं घडवलंय. सायबानं कागदावर चित्र काढून दिलं, दगूड हितल्याच डोंगराचा. काठाच्या खाली बेलाचं पान हाय बगा. त्यो समद्या कामावर काढायचा."

लोक हसले. मीही हसले, मोठ्यानं. म्हटलं, आण्णा, हे बोटीतून आलंय.

"आज्याचं नाव नसंल घालायचं तर नगा घालू," ते म्हणाले, "पर बोटीतनं आलं म्हणू नगासा."

मी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

इथवर सांगणं सोपं होतं. पुढचं —

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. काठाखाली हात घातला आणि — होतं! अंगठ्याएवढं, तीन दळांचं, रेघन्‌रेघ नीट कोरलेलं. चर्चच्या कुंडाला बेलाचं पान! माझ्या सगळ्या थापांपेक्षा हे कितीतरी भारी होतं. मी तिथं एकटीनं टाळी वाजवली, खरंच. अशा वेळी कुणीही काय केलं असतं? वडूजची एसटीच पकडली असती ना?

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. थोडं सिमेंट आणि काळा रंग आणला. काठ फुटलाय, असं राखणदाराला सांगितलं. आणि ज्या बोटांनी ते पान सापडलं होतं, त्याच बोटांनी बुजवलं. वाळल्यावर वरून पॉलिश पेपरही घासला. पत्रक छापलेलं होतं. लोक मला ओळखायला लागले होते. एवढंच कारण.

पंधरा दिवसांनी आण्णा पुन्हा आले. घरच्या जात्याचा वरचा दगड पोत्यात घालून — वडूजहून, एसटी बदलत. दगडावर तेच पान होतं. "आता जुळवून बगा," म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुललेला.

मी म्हटलं, तुम्हीच बघा ना.

ते गुडघ्यांवर बसले. काठाखाली हात घातला. आठही बाजू चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. मी शेजारी उभी होते. मग ते हळूच उठले आणि त्यांनी मला हात जोडले.

"माजंच चुकलं आसंल, बाई. आज्या म्हातारपणी कायबी बोलायचा. माफी करा."

आणि मी — मी म्हटलं, "असू द्या, होतं असं."

असू द्या! जात्याचा दगड खांद्यावर घेऊन ते स्टँडकडे गेले. ते वळणाआड होईपर्यंत मी दारात उभी होते; एक हाक पुरली असती. मारली नाही. त्यानंतर ते आले नाहीत.

गेल्या रविवारीही खूप माणसं होती. मी कुलूप सांगितलं, शिपाई सांगितले, गाई सांगितल्या, बोट सांगितली. लोकांनी फोटो काढले. पान खिडकीकडच्या बाजूला आहे, काठाच्या खाली, सिमेंटच्या आत. ते मी बुजवलं. ज्यानं ते कोरलं, त्याचं नाव मी विचारलंसुद्धा नाही.