हात जोडलेला राजपुत्र

धनपाल चौगुल्यांना आयुष्यात एकच हौस होती, आणि ती त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवली नाही. त्यांच्या पत्नीला, गुणमालाबाईंना, ती न सांगता ठाऊक होती. आपण काढलेल्या चित्राखाली आपलं नाव यावं, एवढीच.

सांगलीच्या गावभागात लालासाहेबांचा छापखाना होता. जादूच्या गोष्टींची पातळ पुस्तकं तिथं निघत आणि एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर जात. त्यांची मुखपृष्ठं वर्षानुवर्षं धनपालांनी रंगवली. पुस्तकावर लेखकाचं नाव असे, छापखान्याचं असे. चित्रकाराचं घालायची पद्धतच नव्हती.

चित्रकला ते कुठं शिकले नव्हते. रद्दीच्या दुकानात परदेशी परीकथांची फाटकी पुस्तकं येत, त्यांतले मनोरे आणि धुक्यातली अरण्यं ते डोळ्यांत साठवून घेत. पण ब्रश हातात घेतला की रान उतरे ते आटपाडीकडचं, बाभळीचं आणि उघड्या माळाचं. चेटकिणीचं भांडं म्हणजे गुऱ्हाळावरची काहील. आणि राक्षस काढायचा असला की ते बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, जाऊन क्षेत्रपालापुढं उभे राहत. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, पण कोणाचं वाईट न करणारा, राखण करणारा चेहरा.

एक गोष्ट मात्र लालासाहेबांना खटके. धनपालांचा राजपुत्र कधी तलवार उपसत नसे. आत गोष्टीत राक्षसाचं मुंडकं उडे, आणि मुखपृष्ठावर तलवार म्यानात ठेवून राजपुत्र त्याच्यापुढं हात जोडून उभा.

"आवं चौगुले," लालासाहेब सगळ्यांदेखत विचारत, "ह्यो गडी राक्षसाला मारतोय, का पाटणला जायचा रस्ता इचारतोय?"

छापखाना खो खो हसे. धनपालही हसत. घरी आल्यावर मात्र गुणमालाबाईंना म्हणत, "मारायचं तर लेखकानं मारावं. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

ते हात कसले आहेत हे गुणमालाबाईंना पहिल्या चित्रापासून कळलं होतं. भाद्रपदातलं पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी जैनांच्या घराघरांत लहानथोर एकमेकांपुढं तसेच उभे राहतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात, माणसाची आणि जीवमात्राची. छापखान्यातल्या कोणी ते कधी विचारलं नाही आणि धनपालांनी कधी सांगितलं नाही.

महापुरात छापखाना बुडाला, आणि माळ्यावर ठेवलेली मूळ चित्रं लगदा होऊन गेली. पुढं साखरेच्या आजारानं धनपालांची नजर गेली. थोडा उजेड, थोडी हालचाल दिसे, तेवढीच. आता नावाचा विषय संपला, असं गुणमालाबाईंनी मनाशी धरलं.

आणि मग शिवांजली आली. मूळची पाटणची, आता पुण्यात एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी चित्रं करणारी.

"आजोबा, जुन्या गोष्टींच्या पुस्तकांतूनच आमचे गेम निघतात," ती लॅपटॉप उघडत म्हणाली. "किल्ले, जादूगार, ड्रॅगन, सगळं कुणीतरी कधीतरी पुस्तकासाठी काढलेलं. पण सगळे नकलेची नक्कल करतात, त्यामुळं प्रत्येक गेममधला राक्षस एकसारखाच. मला लहानपणी ज्याची भीती वाटायची तो हवा होता. वडिलांच्या ट्रंकेत तुमची चार पुस्तकं मिळाली. लालासाहेबांच्या मुलाकडून तुमचा पत्ता काढला."

"माझं नाव कुटं हाय त्यात?" धनपालांनी विचारलं.

"ते द्यायलाच आलेय. गेम संपल्यावर मोठ्या अक्षरांत येईल. तुमची परवानगी हवी फक्त."

गुणमालाबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग त्या पडद्याकडं वाकल्या. आटपाडीचा माळ, बाभळी, बस्तीतला चेहरा, हुबेहूब! राक्षस चालत आला. राजपुत्रानं तलवार म्यानात ठेवली आणि हात जोडले. जोडलेल्या हातांतून आगीचा लोळ निघाला. राक्षस किंचाळत जळून गेला.

"काय झालं गं?" धनपालांना नुसता लाल उजेड दिसला होता.

गुणमालाबाईंनी धनपालांकडं पाहिलं. इतक्या वर्षांचं मागणं दाराशी आलेलं होतं. 'काही नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"आवं," त्या म्हणाल्या, "राजपुत्रानं हात जोडलं, आन् हातातनं आग निघाली. त्यो जळाला."

धनपालांनी पडद्याकडचं तोंड फिरवलं.

"आम्हांला वाटलं मंत्र म्हणतोय," शिवांजली गोंधळली. "तलवार आत, हात जोडलेले... म्हणजे जादूच ना?"

"क्षमा मागतोय त्यो," गुणमालाबाई म्हणाल्या.

"नाव नको," धनपाल म्हणाले. "चित्रं घ्या, पोरी. नाव नको."

ती गेल्यावर गुणमालाबाईंना जेवण गेलं नाही. जैनांच्या रीतीप्रमाणं सूर्य मावळायच्या आत पानं घ्यायची म्हणून त्या नुसत्या बसल्या. "मी सांगायला नको हुतं," त्या म्हणाल्या. धनपालांनी चाचपडत त्यांचं ताट शोधलं आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला.

शिवांजली पुन्हा आली तेव्हा पर्व नुकतंच संपलं होतं. कंपनीनं फार ऐकलं नव्हतं. गेम जवळजवळ पुरा झालेला, आग काढणं शक्य नव्हतं. गेममध्ये दारादारावर एकेक राक्षस राखणीला होता; भांडून तिनं त्यांतलं एकच दार मिळवलं होतं, शेवटचं.

"इथं हात जोडले की काहीच होत नाही," ती म्हणाली. "आमचे लोक म्हणतात, खेळणाऱ्यांना वाटेल गेम बिघडला. वाटू दे. जो हात जोडून तसाच थांबेल, त्याच्यासाठी पुढं होतं."

तिनं कळ दाबली आणि हात काढून घेतला. पडद्यावर राजपुत्र उभा, समोर राक्षस. धनपालांनी गुणमालाबाईंचं मनगट धरलं.

"काय करतोय?"

"उभा हाय. बघतोय."

"आन् आता?"

"बसला वं. वाटेतनं सरकून खाली बसला. दार उघडलं."

धनपालांनी श्वास सोडला. "आन् बाकीच्या दारांवरचं?"

"ते जळतात, आजोबा," शिवांजली हळू म्हणाली. "खोटं कशाला सांगू."

धनपाल सावरून बसले. पडद्याच्या उजेडाकडं तोंड करून त्यांनी हात जोडले. गुणमालाबाईंनीही जोडले. शिवांजलीला काय करावं कळेना. मग तिनं लॅपटॉप तसाच ठेवून त्यांच्याकडं बघत हात जोडले.

"नाव घाला," धनपाल म्हणाले. "पर ह्या एका दारापुरतं."

गेमच्या शेवटी जी नावं सरकत जातात, त्यांत त्यांचं नाव नाही. शेवटच्या दाराच्या उंबऱ्यावर, राक्षस उभा असतो नेमका त्या जागी, दगडात बारीक अक्षरं कोरलेली आहेत: धनपाल. तो बाजूला होऊन बसला तरच ती दिसतात.

नाव काळजीपूर्वक कोरलंय का, हे गुणमालाबाईंनी चष्मा लावून तपासलं. धनपालातला 'ध' शिरोरेषेला चिकटून 'घ' झाला होता. तेवढा त्यांनी शिवांजलीकडून दुरुस्त करून घेतला.