मुदत संपली नव्हती

माझ्या मित्राच्या शोकसभेत मी उभा राहून सांगितलं की त्याला परदेशातल्या स्पर्धेला जाता आलं नाही, कारण नावं देण्याची मुदत संपून गेली होती. पिंपरीजवळच्या प्राधिकरण वसाहतीतल्या बागेत आमचं बुद्धिबळ मंडळ जिथं बसतं, त्या शेडमध्येच सभा होती. लोकांनी माना हलवल्या. त्याची बायको पुढं बसली होती, तिनंही हलवली. मुदत संपलेली नव्हती, आणि ते तिथं फक्त मला माहीत होतं.

तो इथल्याच चिखली गावचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. मी सोलापूरकडून नोकरीसाठी आलेला. पिंपरीतल्या एकाच कारखान्यात आम्ही लागलो, तो टूलरूममध्ये, मी स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत डबा भराभर संपवून पट मांडायचो. भोंगा वाजला की डाव तसाच अलगद उचलून लॉकरवर ठेवायचा, वर वर्तमानपत्र झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढं खेळायचं. एकेक डाव आठवडाभर चाले. तो घरून विचार करून येतो म्हणून जिंकतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा.

आंतरकंपनी स्पर्धेत चौघांचा संघ असे. संघातला सगळ्यात भारी माणूस पहिल्या पटावर बसतो, त्याच्या खालचा दुसऱ्या. पहिला पट कायम त्याचा, दुसरा माझा. नोकरी संपेपर्यंत यात बदल झाला नाही. ढाल घ्यायला तो पुढं जायचा आणि मी त्याच्या खांद्याआड उभा असायचो. असे बरेच फोटो माझ्या घरात आहेत. वाईट वाटतं का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसून नाही म्हणालो असतो.

त्याच्या वयाची गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या काळी गावात पोराची जन्मतारीख कुणाला धड माहीत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्षांचं. हा अंगानं बारका. आठ वर्षांचा झाला तेव्हा कुठं त्याचा हात पोचला. गुरुजींनी एक जून तारीख टाकली, वय सहा धरलं आणि याची दोन वर्षं कागदावरून कायमची गेली. त्यामुळं त्याला नोकरी दोन वर्षं जास्त मिळाली. त्याचा सख्खा धाकटा भाऊसुद्धा त्याच्या आधी निवृत्त झाला.

यावरून रोज कुणी ना कुणी त्याला छेडायचं.

"बारका भाऊ पेन्शन घेतोय आणि तू अजून कार्ड पंच करतोस? लाज वाटत नाही का राव?"

"न्हाई वाटत," तो म्हणायचा. "तुमचं हात लांब, त्याला मी काय करू? गुरुजींची किरपा हाय माझ्यावर."

तोही निवृत्त झाल्यावर आम्ही रोज संध्याकाळी बागेत खेळायला लागलो. मंडळात एक लातूरकडचा गडी होता, चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्यानं एकदा मोबाईलवर वाचून दाखवलं की ज्येष्ठांसाठी संघांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. त्यात दोन गट, एक पन्नाशीच्या पुढचा आणि एक पासष्टीच्या पुढचा. संघटनेमार्फत नावं दिली की आपल्यासारख्यांचा संघही जाऊ शकतो. आम्ही आधी हसलो. मग एकेकानं घरी विचारलं. मग खरंच जायचं ठरलं. चौघं खेळणारे आणि एक राखीव, असे पाच जण.

मित्रानं आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला घरी आले त्याचाही त्याला आनंद झाला, त्यांना चहा पाजून वर पेढे दिले. मला म्हणाला, "एकदा बाहेरच्या मानसासमोर बसायचंय. जनमभर तुझ्याच थोबाडाकडं बघत खेळलो."

इंग्रजी आणि ई-मेल मला जमतं म्हणून कप्तान मला केलं. पासष्टीचा गट धरायचा हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नावं भरायला बसलो, त्याचा पासपोर्ट उघडला आणि माझ्या लक्षात आलं. कागदावर तो चौसष्टचा होता. इतकी वर्षं आम्ही त्याच्या वयावरून खिदळत होतो, आणि ही चूक इथं आडवी येईल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आयोजकांना मी मेल केला, हे खरं आहे. खरं वय जास्त आहे, गावच्या शाळेत असं असं झालं, सगळं लिहिलं. पासपोर्टवरची तारीखच धरली जाईल, असं सभ्य भाषेत उत्तर आलं. तारीख दुरुस्त करून घ्यायला कोर्टकचेरी, तेवढा वेळ नव्हता. शिवाय दोन वर्षांच्या जास्तीच्या नोकरीचं कंपनीला काय सांगायचं, ही त्याला धास्ती.

मी त्याच्या घरी जाऊन आयोजकांचं उत्तर सांगितलं. त्याचं तोंड पडलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मंग पन्नासच्या गटात घाल की सगळ्यांची नावं! तिथं तर बसतोय ना मी?"

बसत होता. आम्ही पाचही जण बसत होतो. पण तो गट दांडग्यांचा. पन्नाशीतले कसलेले खेळाडू, त्यांच्यापुढं आम्ही रोज सपाटून हरलो असतो. पासष्टीत निदान दोन-तीन सामने जिंकू, असं माझ्या मनात होतं. एवढंच असतं तर मी ते बोलून दाखवलं असतं आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं. पण त्याच्याशिवाय पासष्टीत गेलो तर पहिल्या पटावर मी बसणार होतो. ही गोष्ट माझ्या मनात मागून आली नाही. ती आधी आली.

मी म्हणालो, "त्या गटाची मुदत संपली."

"कधी?"

"झाले दोन दिवस."

"एक मेल टाकून बघ की. म्हाताऱ्यांची स्पर्धा हाय, कोन एवढं ताणून धरतंय?"

"टाकला. नाही म्हणाले."

दोन्ही गटांची मुदत एकच होती आणि ती अजून उघडी होती. दुसरा मेल मी टाकलाच नव्हता.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती. आतून चहा आला तेव्हा म्हणाला, "मंग तुमी जावा. माझ्यापायी चौघं कशाला अडकून पडता? राखीव गड्याला चौथ्या पटावर घे. पयल्यावर तू बस."

मी जे लबाडीनं काढून घेत होतो, ते त्यानं आपल्या हातानं दिलं. तेव्हाही मी बोललो नाही. चहा प्यायलो आणि उठलो.

स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकला, बाकीचे हरलो. पहिल्या पटावर बसण्याची मी इतकी वर्षं आस धरली होती. बसलो खरा, पण समोरच्या माणसाचं तोंडही मला नीट आठवत नाही. रोज संध्याकाळी मित्राचा फोन यायचा. मी खेळी सांगायचो आणि तो घरी पटावर मांडत जायचा.

"घोडा मागं का घेतलास रे भावा?"

"मरत होता."

"मरू द्यायचा! तिथवर जाऊन भ्यायला गेलास व्हय?"

परत आलो तेव्हा तो रावेतला हायवेच्या कडेला हार घेऊन उभा होता. माझ्या गळ्यात हार घालून म्हणाला, "फुडच्या वर्षी कागदावर पन पासष्ट भरत्यात. मंग बघ." त्या दिवसापासून तो रोज तयारी करायला लागला. चष्मा नवीन केला. थंड हवेत बसायची सवय हवी म्हणून पंखा जोरात लावून खेळायचा, बायकोची बोलणी खायचा.

दिवाळीनंतर त्याचं जेवण तुटलं. पोटात गाठ निघाली, ती पसरलेली होती. पुढचा एक जून त्याला मिळाला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं वय चौसष्ट लिहिलंय.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. आपण बोललो ते निभून गेलं, असंच माझ्या मनात होतं. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "भावजी, शेवटी शेवटी ते लई बोलायचे. म्हणायचे, फुकटची दोन वर्सं नोकरी खाल्ली, ती अशी बाहेर निघाली. देवानं बरोबर पकडलं मला. आता बाहेरगावी जानं नशिबातच न्हाई."

म्हणजे तो स्वतःला दोष देत गेला. कान हाताला लागला नाही म्हणून, नोकरी जास्त केली म्हणून. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. मुदत, न टाकलेला मेल, पहिला पट. त्यांनी निवडलेली मेथी तशीच ताटात राहिली. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत.

"पयला पट म्हंजे काय असतं वो?" त्यांनी विचारलं.

"संघातला सगळ्यात भारी माणूस बसतो ती जागा," मी म्हणालो.

"मला सांगून हलकं व्हायला आलासा का?" त्या म्हणाल्या. "तिथं माइक धरून बोलला ना चार लोकांत? मंग तिथंच जावून बोला. माझ्या घरात नको."

मी बागेत जाऊन बोललो. माइक नव्हता, सगळे पटांभोवती बसलेले होते. लातूरकडच्या गड्यानं हातातलं प्यादं खाली ठेवलं आणि म्हणाला, "आम्हाला विचारायचं होतंस राव. आम्ही सगळेच आलो असतो की पन्नासमध्ये. हरायलाच तर गेलो होतो." मग तो उठून गेला. त्यानंतर माझ्यासमोर खेळायला कुणी नाही म्हणत नाही. पण कुणी आपणहून बोलवतही नाही.

यंदा मंडळाचा संघ पुन्हा गेला. नावं पन्नाशीच्या गटात दिली होती, कारण संघात एक जण साठीचा आहे आणि त्याला मागं ठेवायचं नाही असं ठरलं. मला हे नंतर कळलं. पहिल्याच सामन्यात चारही पटांवर हरले. त्या संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुठल्या तरी चौकात पाचही जण टोप्या घालून उभे होते, पोट धरून हसत. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जोरदार मार खाल्ला, उद्या परत.'

मी तो फोटो बघत बसलो. त्यांच्यात माझा मित्र कुठं उभा राहिला असता याचा विचार करत होतो. बारका होता, पुढंच घेतलं असतं त्याला.