मांडीतली गाठ

रोगाचं खरं नाव कळलं की निम्मी मुक्ती मिळते, असं मी मानत असे. तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होतो आणि पुष्कळ गोष्टी मानत होतो.

आमचं युसूफ वडगावला किराणा दुकान. गावात पहिला एसटीडी बूथ आला त्या उन्हाळ्यात गुळाची ढेप फळीवरून घसरून वडिलांच्या मांडीवर पडली. मांडी काळीनिळी होऊन टणक फुगली. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत 'हिमॅटोमा' लिहिलं आणि तोंडानं मराठीत सांगितलं, "चोळू नका, शेकू नका. आपोआप जिरेल."

मी त्या शब्दाच्या मागे लागलो. शाळेच्या कपाटातल्या परिभाषा कोशात 'रक्तगुल्म' सापडला.

"अण्णा, हा रक्तगुल्म आहे," मी वडिलांना सांगितलं. "आत शीर फुटून मांसात रक्त साचलंय."

"मंग सुजलंय म्हन की. शिव्या कावून देतूस?"

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो अर्थ समजावला. आमच्याकडे दुखऱ्या अंगाला हात लावला नाही, तर पोरं बापाकडं बघत नाहीत असं समजतात. चुलत्यांनी मेंढरांचे पाय बसवणारा एक म्हातारा धनगर आणला. मी "चोळू नका" म्हणालो, पण 'रक्तगुल्म' म्हणालो होतो तितक्या जोरात नाही.

"मास्तर, नुसतं नाव घेऊन गाठ जाती व्हय?" चुलते म्हणाले.

एकवीस दिवस कोमट तेलानं मांडी रगडली गेली, गुडघा जोर लावून दुमडला गेला. वडील दातात टॉवेल धरून पडत. मी पाय धरत असे.

नंतर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. रक्त साचल्या जागी, मांसातच, नवं हाड धरत होतं.

"कुणी चोळलं?"

वडीलच म्हणाले, "समद्यांनी."

गुडघा दुमडेना, पाय सरळ तो सरळच राहिला. गादी गेली, दुकानात प्लास्टिकची खुर्ची आली. त्याचं त्यांना काही नव्हतं, घोर दुसराच होता. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस जाळत नाहीत, मांडी घालून खड्ड्यात बसवतात.

"मला बसवताल कसं रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"सैल होईल हळूहळू," मी म्हणालो.

"तुज्या कोशात बघून सांग."

मी बघितलं नाही. सात वर्षांनी ते गेले. पाय सैल झाला नव्हता. खड्डा पुढच्या अंगाला दीड हात जास्त लांब खणावा लागला.