दहावा ग्रह

आमच्या साडूंइतका धोकादायक सज्जन अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. चोर परवडला. तो अंधारात येतो आणि आपलं काम उरकून जातो. आमचे साडू भर उजेडात येतात, माझ्याच भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात, माझंच गिऱ्हाईक माझ्यादेखत सुधारतात आणि जाताना चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? वीज मंडळात होते तोवर बरे होते. खांबावर चढून तारा जोडायचे, खाली उतरून संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा प्यायचे आणि घरी जायचे. निवृत्त झाले आणि कुणाच्या तरी नादानं संभाजीनगरला जाऊन ‘समुदाय नेतृत्व प्रशिक्षण’ घेऊन आले. जाताना एक पिशवी होती, येताना दोन. दुसरीत भेदभाव घालवायचं सामान होतं: रंगीत खडू, चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि लोकरीचा एक मोठा गुंडा. माणसांनी गोल बसायचं, गुंडा एकमेकांकडं फेकायचा, म्हणजे समाज कसा एका धाग्यानं जोडलेला असतो ते दिसतं. आमच्या चौसाळ्यात, माझ्याच ओट्यावर, पहिल्याच दिवशी त्या धाग्यात शेजारच्याची शेळी अडकली. माणसं पोट धरून हसत होती, शेळी ओरडत होती आणि साडू टाळ्या वाजवत म्हणत होते, “बघा, ह्याला म्हंत्यात समावेशन!”

त्यांचा आवडता शब्द पूर्वग्रह. “आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात पूर्वग्रह बसलेला हाय,” असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा वरच्या आळीचे आबा दचकले. आबांचं सगळं आयुष्य ज्योतिषाला विचारून चाललेलं.

“कवापासून बसलाय? माझ्या पत्रिकेत तर न्हाई दिसला.”

“पत्रिकेत नसतो आबा, मनात असतो. लहानपणापासून.”

“मंग लईच अवघड हाय. शनी साडेसात वर्सांनी उठतो तरी. ह्याची शांती परळीला हुती का लांब जावं लागंल?”

साडूंनी तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी दोन बायका मला विचारून गेल्या, ह्या नव्या ग्रहाला तेल चालतं का तूप. आमच्या घरच्यांनी तर उपासाचा वारही धरून टाकला.

पण खरा दंगा झाला तो आडनावांवरून. गेल्या निवडणुकीपासून गावाचे दोन तुकडे झालेत. वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीच्या हॉटेलात चहा पीत नाही, खालच्या आळीचा वरच्याच्या दुकानातून काडेपेटी घेत नाही. आधी पाटीवरचं आडनाव वाचायचं, मग पायरी चढायची. मी वाणी, दोन्हींच्या हिशेबात न बसणारा, आणि भांडी दुसरीकडं मिळत नाहीत; म्हणून माझी पायरी दोघंही चढतात. साडूंनी निदान केलं, की रोग आडनावात आहे, ते काढून टाकायचं. आता मी धारूरच्या बाजारात पोतं अंथरून, भांड्यावर नाव घालायचं मशीन घेऊन धंद्याला सुरुवात केलेला माणूस. कुणी मला दमडी दिली नाही की सल्ला दिला नाही. नाव घालायचे पैसे अक्षरावर मिळायचे, अजून मिळतात. लांबलचक आडनावांवर मी हे दुकान उभं केलं. आणि माझे सख्खे साडू माझ्याच गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकाला सांगणार, “निस्तं नाव घाला. भांड्याला कशाला पायजे आडनाव? डाळ काय आडनाव बघून शिजती व्हय?” माझी निम्मी अक्षरं त्यांनी समाजकार्यात बुडवली.

पुढं सप्त्याच्या महाप्रसादाला घरोघरची पातेली गोळा झाली. नव्या पातेल्यांवर निव्वळ नाव, आणि गावात संजय ढिगानं. परत न्यायच्या वेळी कुठला संजय वरचा आणि कुठला खालचा, कुणालाच सांगता येईना. बायका पातेली घेऊन माझ्या दारात भांडायला उभ्या. साडू मात्र लग्नघरातल्यासारखे फिरत होते. “व्हय व्हय, न्या कंचंबी! आता वरची भाजी खालच्याच्या पातेल्यात शिजू द्या!”

हेही मी गिळलं. पण एके दिवशी वर्ग भरलेला असताना त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “आता हे आमचे साडूभाऊच घ्या. गिऱ्हाइकाची चप्पल बघून भाव सांगत्यात. ह्यो झाला पूर्वग्रह.” सगळा ओटा हसला. माझं डोकं तापायला फार वेळ लागत नाही. मी गल्ल्यावरून उठलो.

“मी चप्पल बघून भाव सांगतो, आन् आपल्या सासऱ्यांनी काय बघून पोरी दिल्या? तुमचं आडनाव बघूनच ना? माझंबी आडनाव बघूनच ना? आडनाव पुसायचं तर आपलं नातंच पुसलं की साडूभाऊ! तुमी कोण आन् मी कोण?”

यावेळी ओटा दुप्पट हसला. साडूंनी लोकर गुंडाळली, कप विसळला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

मी बोललो त्यात खोटं काही नव्हतं, हे आजही सांगतो. पण संध्याकाळी ओटा मोकळा पडला, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. वरची आळी वरच्या हॉटेलात जाऊन बसली, खालची खालच्या. माझ्या ओट्यावर कुणी शिकायला येत नव्हतं. दोन्ही आळ्या साडूंना हसायला यायच्या. पण यायच्या, आणि हसताना मांडीला मांडी लावून बसायच्या. आबा एकदा येऊन इकडंतिकडं बघून गेले. “ग्रह उठला वाटतं,” म्हणाले. ते बोलणं मला मुळीच आवडलं नाही.

शेवटी मीच साडूंच्या घरी गेलो. ते लोकरीची गाठ सोडवत बसले होते. वर बघितलं नाही.

“तुमी बरूबर बोललात,” ते म्हणाले. “सासऱ्यांनी आडनावच बघितलं. पर एक सांगा साडूभाऊ, इतकी वर्सं मी रोज सांच्याला तुमच्या ओट्यावर येतो, ते काय आडनाव बघून येतो का?”

मी पिशवीतून तांब्या काढून पुढं ठेवला. येताना त्यावर अक्षरं घालून आणली होती: ‘साडूस, साडूकडून’. नाव नाही, आडनाव नाही. अक्षरांचे पैसे न घेता मी मशीन चालवलं, ते तेवढंच.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “ह्यात कोण कुणाचा, लोकांना कसं कळायचं?”

“न्हाई कळलं तरी चालतंय. उद्या येताना लोकर आणू नका, शेळी बाळंत झालीय.”

ते आले, लोकर घेऊनच आले. गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही हॉटेलं अजून जोरात चालतात आणि आबा अजून शांतीची चौकशी करतात. तांब्या मात्र त्यांनी ओट्यावर पाण्याचा म्हणून ठेवला, तो कुणीतरी उचलून नेला. कधी वरच्या हॉटेलात दिसला म्हणतात, कधी खालच्या. चांगला जाड पत्र्याचा तांब्या होता. मी शिव्या घालतो, शोधायला निघतो. साडू कप विसळता विसळता म्हणतात, “जाईल कुठं? गावातच हाय ना!”

हल्ली पायाला वात असल्यानं त्यांना एखादी संध्याकाळ चुकते. मग ओट्यावरचे लोक तांब्याची चौकशी करतात, आणि “जाईल कुठं” हे मलाच म्हणावं लागतं. पण त्यांच्यासारखं जमत नाही.