आठव्या पिढीचा कॉम्प्युटर आणि त्याचं दावं

तुकाआण्णा कॉम्प्युटरभोवती दुसरी फेरी मारत होते. पहिल्या फेरीत त्यांनी कॅबिनेटच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता वाकून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "वेत कितवं?"

आमचे सर कॅबिनेटकडे आणि तुकाआण्णांकडे आळीपाळीने बघायला लागले. सर म्हणजे दुकानाचे मालक. शिवाजी पेठेत वापरलेले कॉम्प्युटर विकतात. बोलण्यात त्यांना कुणी हरवत नाही. पण हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

मी पडद्यामागे होते. माझी जागा तिथेच. दुकानात येणारा माल बहुतेक शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसांतून उतरवलेला असतो. ब्लोअरने त्यातली धूळ उडवायची, पंखे पुसायचे, रॅम काढून परत बसवायचा, हे माझं काम. फौंड्रीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मी उघडल्याबरोबर ओळखते. आत काळी, बारीक धूळ असते आणि ती नखांतून दोन दिवस जात नाही. मी आले होते झाडू मारायला. बघत बघत बाकीचं शिकले. गिऱ्हाइकांशी मात्र बोलत नाही. अनोळखी माणूस दिसला की मी आत पळते. म्हणून सरांनीच तो पडदा लावून दिलाय.

तुकाआण्णा हे म्हशींचे दलाल. त्यांना घेऊन आले होते बापू, आजऱ्याकडच्या एका गावातले शेतकरी. बापूंच्या घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर येणार होता. बापूंनी आयुष्यात कुठलीही मोठी वस्तू तुकाआण्णांनी पारखल्याशिवाय घेतली नव्हती. मोटरसायकलही नाही.

कॉम्प्युटर हवा होता त्यांच्या सुनेला. अश्विनी तिचं नाव. ती पाणी मागायला पडद्याआड आली, तेव्हा तिने मला हळूच सांगितलं.

"वकिलांच्या हापिसातलं टायपिंग मिळालंय ताई. घरात बसून करायचं. सोमवारी सकाळी पहिले कागद येणार. घरात कॉम्प्युटर न्हाय म्हटल्यावर ते दुसऱ्या बाईला देणार. मामांना कसंबसं तयार केलंय. आज फिसकटलं तर परत विषय काढायची सोय न्हाय."

तो शनिवार होता.

बाहेर सरांना वाचा फुटली होती. "वेत नसतं हो याला. जनरेशन असते. ही आठवी जनरेशन."

"आठवं वेत?" तुकाआण्णा हसले. "बापू, चला. म्हातारी हाय ही. आठव्या वेताची कोण घेतंय?"

"अहो, आठवी म्हणजे नवी! चौथी जुनी."

"चौथी बघू की मग. चार वेतं झालेली म्हंजे ऐन उमेदीत."

इथे थोडं सांगायला हवं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कंपनी तो सुधारून पुन्हा पुन्हा नवा काढते, त्या प्रत्येक खेपेला जनरेशन म्हणतात. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका माल नवा. आठवीवर आताचं विंडोज चालतं, चौथीवर ते नीट चढत नाही. म्हशीचं उलटं. वेत म्हणजे म्हैस किती वेळा व्याली ते. तिथे आकडा मोठा झाला की म्हैस म्हातारी झाली.

सर घाम पुसत पडद्याआड आले. "सुरेखाताई, हे कुठल्या भाषेत बोलायलेत?"

मी चौथी झाल्यावर शाळा सोडून लग्नापर्यंत म्हशीच राखल्या. मी म्हटलं, "सर, वेताचं नाव काढू नका. पिढी म्हणा. सांगा, हिच्या आधीच्या सात पिढ्या दुभत्या, ही आठवी."

सरांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग बाहेर जाऊन त्यांनी तसंच्या तसं सांगितलं.

"आता कसं!" बापू पहिल्यांदा बोलले. "घराणं चांगलं हाय म्हना की. मगापासनं आकडे कशाला सांगताय पावणं?"

पुढचं भराभर झालं. तुकाआण्णांनी खांद्यावरचा टॉवेल सरांच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्यांची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, बघणाऱ्यांना कळू नये म्हणून. सरांनाही कळला नाही. ते नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले. मग बापूंनी इसाराचे पैसे दिले आणि अट घातली, "दोन वक्ताची धार काढून बगनार. सांजची आन् सकाळची. दूध दिलं तर सौदा पक्का."

"दूध?" सर म्हणाले.

"काम वो. काम केलं तर."

बापूंनी खिशातली पुडी काढून कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं. पिकअपमध्ये पिंजर, म्हणजे भाताचं वाळलं गवत, पसरली होती, तिच्यावर खोका ठेवून नव्या दाव्याने बांधला आणि मंडळी गेली.

दुपारी मी काउंटरमागे झाडत होते. सरांच्या खुर्चीत दोन पॉवर केबल दिसल्या. एक कॅबिनेटची, एक मॉनिटरची. मीच त्या गुंडाळून, सुतळीने बांधून खोक्यात ठेवल्या होत्या.

"सर, केबल राहिल्या."

सरांनी फोन लावून बघितला. लागला नाही. "विसरले असतील. पोरीला टायपिंग येतंय, तिला कळेल. दुसरी घालतील."

पण मी केबलवरचं हळद-कुंकू बघितलं होतं. विसरलेल्या वस्तूला कुणी कुंकू लावत नाही. आमच्याकडे म्हैस विकली की तिच्या गळ्यातलं दावं विकणारा ठेवून घेतो. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. बापूंनी केबल विसरली नव्हती, आमच्या दुकानाचं भलं चिंतून ठेवली होती.

हे मला कळलं आणि मी सरांना बोलले नाही. काय सांगणार, कॉम्प्युटरचं दावं ठेवून गेलेत म्हणून? हसले असते. मी केबल ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि कामाला लागले. रात्रभर मात्र मला ती अश्विनीच दिसत होती.

रविवारी दुकान अर्धा दिवस असतं. अकराच्या सुमाराला पिकअप दारात उभी राहिली.

"भाकड हाय!" तुकाआण्णा पायरीवरूनच ओरडले. "काल सांजची धार न्हाय, आज सकाळची न्हाय. डोळा बी उघडला न्हाय त्यानं!"

बापूंनी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं. खोक्यावरचं दावं आता त्याला बांधलं होतं. दुसरं टोक अश्विनीच्या हातात होतं. सोडायचं की धरायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी ड्रॉवर उघडला. "केबलशिवाय कसा चालू होईल? ही बघा. विसरून गेलात की राव."

बापू ताठ झाले. "इसारलो न्हाय. ठिवली. तुमचं दावं तुमच्याकडं. दुसऱ्याच्या दारची लक्ष्मी वडून न्यायची रीत आमच्यात न्हाय."

"दावं कसलं? यातनं करंट येतो!"

"आमी नवं दावं आनलंय की," तुकाआण्णा म्हणाले.

"त्यातनं करंट येतोय का?"

"म्हशीला कुठं करंट लागतोय?"

"ही म्हैस न्हाय!"

"मग काल सात पिढ्या दुभत्या हाईत म्हनून कोन म्हन्लं?"

सरांनी पडद्याकडे बघितलं. ती नजर पडद्यातूनही मला लागली.

अश्विनी पुटपुटली, "मामा, ती वायर लागतीया त्याला. मी काल बी सांगितलं."

"तू गप," बापू म्हणाले. "पावणं, आमचा इसार द्या आन् तुमचं जनावर घ्या. परत आमच्या घरात हे नाव न्हाय."

सर पण पेटले. "घ्या की! गल्ला उघडाच हाय!"

अश्विनीने दाव्याचं टोक काउंटरवर ठेवलं आणि मागे सरकली. रडली वगैरे नाही. एखाद्या कामावरून हात काढून घ्यावा, तसा तिने हात काढला. ते मला बघवलं नाही. माझ्या हातात धुळीचा ब्रश होता, तो तसाच घेऊन मी पडद्याबाहेर आले.

"बापू," मी म्हटलं. आवाज उंदराएवढा निघाला. पुन्हा म्हटलं, "बापू, वेसण काढून म्हस देत्यात का कोण?"

सगळे वळले. दुकानात पडद्यामागे एक बाई आहे, हे तुकाआण्णांना आत्ता कळलं.

"न्हाय," बापू म्हणाले. "दावं ठिवायचं. वेसण जनावराबरबर जाती."

"मग ही वेसण हाय. दावं न्हवं."

बापू विचारात पडले. तुकाआण्णा नाहीत. "वेसण नाकात असती बाई. ही तर मागनं घालायची."

"ह्याचं नाक मागंच असतंय."

तुकाआण्णांनी कॅबिनेटभोवती तिसरी फेरी मारली. मागे वाकून केबल खोचायची जागा बोटाने चाचपली.

"नाकपुड्या तीन हाईत."

"परदेशी जात हाय," मी म्हटलं.

"तरीच," तुकाआण्णा म्हणाले आणि सरळ उभे राहिले. त्यांचं समाधान झालं होतं.

बापूंचं झालं नव्हतं. "पर रीत ती रीत. दावं म्हनून कायतरी तुमच्याकडं ऱ्हायला पायजे."

मी केबलला बांधलेली सुतळी सोडली आणि सरांच्या हातात दिली. "हे दावं. हे आमच्याकडं राहील."

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. तोपर्यंत तेही बापूंच्या रितीत आले होते.

मी केबल खोचली, दुकानातला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला, बटण दाबलं. पंखा घुमला. तुकाआण्णांनी कान लावला. "श्वास चांगला हाय." स्क्रीन उजळला. बापूंनी सुनेकडे बघितलं. "काढ धार."

अश्विनी स्टुलावर बसली. "काय लिवू मामा?"

"सौदापत्र लिव. मी सांगतो." आणि बापू बाजारातल्या रितीने सांगायला लागले. "जनावर आठव्या पिढीचं. अंगानं काळं. डाव्या कुशीला वरखडा. नाक मागं, नाकपुड्या तीन, वेसनीसकट दिलं. दावं मालकाकडं ठिवलं. खोड न्हाय, मारकं न्हाय..."

तिला मागे टाकायचं म्हणून ते मुद्दाम भराभर सांगत होते. पण त्यांचं वाक्य संपायच्या आत ते स्क्रीनवर आलेलं असायचं. ती कीबोर्डकडे बघतही नव्हती. मग बापूंनी सांगायचं थांबवलं. स्क्रीनकडे नाही, ते तिच्या बोटांकडे बघत होते. घरात दोन वर्षं राहणाऱ्या सुनेची बोटं त्यांनी अशी कधी बघितली नसावीत.

"आण्णा," ते म्हणाले, "हात चांगला हाय की वो पोरीचा."

"लई हलका," तुकाआण्णा म्हणाले. "असल्या हाताला भाकड बी पान्हवंल."

मी त्या कागदाच्या दोन प्रिंट काढल्या. सरांनी सही केली. भाव काय ठरला होता, तो सरांना तेव्हा कळला, कारण बापूंनी तो शेवटी लिहून घेतला. तोटा नव्हता, एवढंच सर म्हणाले.

सोमवारी दुपारी दुकानात फोन आला. सरांनी तो मला दिला. मी फोनवर बोलत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी दिला. "पहिले कागद गेले ताई," अश्विनी म्हणाली. "उद्याचे बी आले." मी "बरं" म्हटलं.

तेव्हापासून मी केबल गुंडाळून देत नाही. कॅबिनेटला खोचूनच देते. ती सुतळी काउंटरमागच्या खिळ्याला टांगलेली आहे. एकदा झाडताना मी ती काढायला गेले, तर सर खेकसले, "हात लावायचा न्हाय."

आजऱ्याकडून त्यानंतर आणखी तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनीही आधी घराणं विचारलं. सर आता अडखळत नाहीत. सात पिढ्या सांगतात, मग कॅबिनेट फिरवून नाक दाखवतात. रॅम, हार्ड डिस्क वगैरे त्यानंतर, कुणी विचारलं तरच.