कोपँ कोण?

आत्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. त्यात ती, किल्ल्या घासायचं यंत्र आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. एवढ्यात दुकान भरलं. बावीस वर्षं कुलपं उघडून उघडून बंद असलेल्या कशावरच तिचा विश्वास उरला नव्हता. कोणी रुमालात गुंडाळून किल्ली आणली की ती आधी रुमालाकडे बघे, मग माणसाकडे, आणि किल्लीकडे सगळ्यात शेवटी.

“घरचीच आहे हो, मावशी.”

“घरचीच असते. सगळ्यांचीच घरची असते.”

मालक समोर नसेल तर ती कुलपाला हात लावत नसे. धंद्याचा हा एकमेव नियम तिने भावाच्या मुलीलाही लहानपणापासून घोकायला लावला होता. भाऊ-वहिनी कामासाठी दूर, म्हणून ही चिमणी आत्याकडेच वाढलेली. आता ती पंधराची झाली होती, आणि महिनाभरापासून तिच्या टेबलाच्या खणाला कुलूप आलं होतं. तेही आत्याच्याच दुकानातलं, न विचारता नेलेलं.

शिवाय ते फ्रेंच! सोमवारी तोंडी परीक्षा, धडा ‘भावना आणि मित्रमंडळी’, म्हणून चिमणी दार लावून फोनवर तासन्‌तास बोलायची. आत्या कुलूप कानाने उघडणारी बाई; दाराचं काय घेऊन बसलात! तिला सगळं ऐकू येई, कळत मात्र काही नसे. ‘त्रिस्त’ ऐकून तिने ठरवलं, त्रस्त असेल. ‘कोपँ’ म्हणजे तर उघड उघड कोप. बरं झालं, या निमित्ताने पोरीचं मराठी तरी सुधारतंय.

पण मग हा कोप वरचेवर होऊ लागला. ‘मों कोपँ’ असा, लाडात, शेवट नाकातून सोडून. आणि लगेच खिदळणं. रागावून कोण खिदळतं?

आत्याने किल्लीच्या पाकिटावर लिहून ठेवलं: मों कोपँ. त्याखाली: त्यू म मांक, हे कुजबुजत.

गुरुवारी शाळेतल्या फ्रेंचच्या मॅडम किल्लीचे दोन तुकडे घेऊन दुकानात आल्या. तुकडे जुळवता जुळवता आत्या म्हणाली, “मॅडम, सहज विचारते हं. कोपँ म्हणजे काय?”

“मित्र.”

“अस्सं. आणि मों कोपँ?” तिने शेवट अगदी चिमणीसारखा नाकातून सोडला.

“वा! उच्चार सुरेख आहे तुमचा. मों म्हणजे माझा. पण असं नुसतं मों कोपँ म्हटलं ना, तर तो साधासुधा मित्र राहत नाही.”

“मग?”

“बॉयफ्रेंड हो, ताई.”

“आणि त्यू म मांक?”

“तुझी आठवण येते. कोण शिकवतंय तुम्हाला?”

“घरचीच आहे,” आत्या म्हणाली. मॅडमची किल्ली एका दात्याने चुकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी चिमणी शाळेत असताना आत्या दुकान बंद करून घरी आली आणि खणासमोर बसली. उघडलं आणि पोरीला कळलं, तर ती पुन्हा आपल्याला काही सांगायची नाही. नाही उघडलं, तर आत्ता तरी कुठे सांगते? मनगटाचा एक हिसका, आणि खण बाहेर.

पत्र नाही, फोटो नाही. शब्दांची कार्डं आणि एक कागद: ‘संवाद चौथा, रुसवा. मुलगी: मी. कोपँ: वेणी.’

वेणी म्हणजे चिमणीच्या बाकावरची लांब केसांची पोरगी! परीक्षेसाठी ती बॉयफ्रेंड झाली होती. आत्याला हसू फुटलं, आणि तेवढ्यात खालचं कार्ड दिसलं. ‘मेफियाँत: संशयी. वाक्यात उपयोग: मा तांत ए मेफियाँत.’ तिने सगळं होतं तसं ठेवलं.

संध्याकाळी चिमणी खणाशी वाकली आणि सावकाश सरळ झाली.

“आत्या, केस कुठे गेला?”

“कसला केस?”

“फटीत अडकवलेला. खण उघडला की पडतो. तूच शिकवलंस.”

आत्या वाकून जमिनीवर केस शोधू लागली.

“मालक समोर नव्हता,” चिमणी हुबेहूब आत्याच्या आवाजात म्हणाली, “मग कुलपाला हात कसा लागला?”

“चुकलं माझं. पण नुसत्या कार्डांना कुलूप कशाला गं?”

“त्यात तू होतीस म्हणून.”

“मी? ते तांत? मला वाटलं तंटा.”

“तांत म्हणजे आत्या. तसा फार फरक नाही.”

दुसऱ्या दिवशी आत्याने नवं कुलूप आणलं आणि दोन्ही किल्ल्या चिमणीच्या हातावर ठेवल्या.

“दोनच?”

“दोनच.”

“तिसरी?”

“नाही गं बाई!”

चिमणीने आत्याची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, नखांत पितळेचा ताजा कीस आहे का ते.

“बरं, त्या मेफियाँतच्या उलट काय म्हणतात?” आत्याने विचारलं.

चिमणीने कार्डं शेवटपर्यंत चाळली.

“तो धडा अजून झाला नाही,” ती म्हणाली आणि दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.